अर्धा शहाणा

मराठेशाहीत साडेतीन शहाणे होऊन गेले, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. आणि उरलेले अर्धे शहाणे म्हणजे नाना फडणीस. अर्धे का, तर म्हणे त्यांना तलवार चालवता येत नव्हती. डोकं होतं, लेखणी होती, पण रणांगण त्यांचं नव्हतं. पुरणपोळीपासून पंचामृतापर्यंत सगळा स्वयंपाक येणाऱ्या सुनेला केवळ पापड लाटता येत नाहीत म्हणून नावं ठेवावीत, तसलाच हा न्याय!

आता पेडगावच्या बाईनं शहाणपणावर बोलावं का, असं कुणी विचारील. ‘वेड पांघरून पेडगावला जाणं’ ही म्हण आमच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पण मैत्रिणींनो, त्या म्हणीतलं पेडगाव म्हणून सांगतात ते श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं, मनमाडच्या रेल्वेमार्गावरचं. नाव एक, गावं दोन. तरी लग्नकार्यात गावाचं नाव सांगितलं की समोरची बाई गालातल्या गालात हसतेच.

तर हे अर्धे शहाणे मला आठवले ते बचत गटांच्या कामामुळे. गटाच्या बायकांना हिशेब कसा ठेवायचा ते सांगायला मी आसपासच्या गावांत जाते. तिथं एक प्रश्न नेहमी विचारते. ‘नमुना नंबर आठ माहीत आहे का?’ सगळे हात वर. घराचा उतारा तो, घरकुलाला लागतो, कर्जाला लागतो, घर बाईच्या नावावर करायचं तर तोच काढायचा. मग विचारते, ‘आणि नमुना नंबर एक?’ सगळं चिडीचूप. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे ३३ नमुने आहेत. त्यातला पहिला म्हणजे गावाचं अंदाजपत्रक. येत्या वर्षात गावाला किती पैसा येणार आणि तो कशावर जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तेही त्यातच दिसतं. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. पण आठ नंबर पाठ आणि एक नंबर कोरा, अशी आपली गत.

म्हणून मी बायकांना नानांची गोष्ट सांगायला लागले. कारण हा माणूस मुळात होता हिशेबनीस. हिशेबाची वही हातात होती, एवढ्या बळावर तो मराठी राज्याच्या जमाखर्चाचा मालक झाला आणि पुढं पुढं तर राज्यच चालवायला लागला.

फडणीस किंवा फडणवीस हे आज आपल्याला आडनाव वाटतं. (२०२३ च्या मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प देवेंद्र फडणवीस यांनी मांडला तेव्हा आडनाव आणि काम यांची गाठ पडली, हे मला उगाचच मौजेचं वाटलं होतं.) पण हा मुळात हुद्दा आहे. फारसीतल्या ‘फर्दनवीस’वरून तो आला असं सांगतात. फर्द म्हणजे कागदाचा बंद, यादी. ती लिहिणारा तो फर्दनवीस. नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. घराणं कोकणातलं, श्रीवर्धनकडचं.

भानूंकडे फडणिशी आली कशी, त्याची एक कथा सांगतात. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून पोटापाण्यासाठी घाटावर निघाले, तेव्हा भानू बंधू त्यांच्याबरोबर होते. जी भाकरी मिळेल ती वाटून खायची, असा त्यांचा करार होता. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी शब्द पाळला. पेशवाई भटांकडे, फडणिशी भानूंकडे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे १७१९ च्या दिल्लीच्या स्वारीत पेशव्यांबरोबर होते आणि तिथल्या दंगलीत मारले गेले. म्हणजे या घराण्यानं भाकरीही वाटून खाल्ली आणि मरणही वाटून घेतलं.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. दहाव्या वर्षी गद्र्यांच्या यशोदाबाईंशी लग्न झालं. १७५६ साली वडील वारले आणि चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर फडणिशी आली. चौदा वर्षं! आपल्याकडं या वयाच्या पोराला किराण्याची यादी देऊन पाठवलं तर उरलेले पैसे बरोबर आणील की नाही, याची धाकधूक असते. पण तेव्हा मुलं कामावरच घडायची. नानासाहेब पेशव्यांनी त्याला आपल्या मुलांच्या बरोबरीनं वाढवलं, मोडी अक्षर, हिशेब, पत्रव्यवहार सगळं शिकवलं.

मग आलं पानिपत. आईला उत्तरेतली तीर्थं करायची होती म्हणून नाना आईला आणि बायकोला घेऊन फौजेबरोबर गेले होते. लढाईला निघालेल्या लष्करात यात्रेकरू बायका कशा, असं आज आपल्याला वाटेल. पण त्या काळी एवढा लांबचा प्रवास फौजेच्या सोबतीनंच सुरक्षित वाटायचा. १४ जानेवारी १७६१ ला सगळं उधळलं. नानांचं तेव्हा एकोणिसावं वर्ष चालू होतं. जीव घेऊन पळाले, वेश पालटला, उपाशीतापाशी वाट तुडवली. बायको वाचली, पुढं भेटली. आई मात्र परत आली नाही. हे सगळं नानांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचं हे छोटंसं आत्मचरित्र तिथंच, १७६१ पाशी थांबतं. त्यात तरुणपणीच्या मनातल्या विकारांबद्दलही त्यांनी मोकळेपणानं लिहिलंय. एवढा मोठा मुत्सद्दी, पण आयुष्यातल्या पराक्रमांबद्दल एक ओळ लिहिली नाही. लिहिलं ते पळून आल्याचं आणि आई गमावल्याचं. मला हा माणूस तिथं पहिल्यांदा आवडला.

पानिपतानंतर थोरले माधवराव पेशवे झाले. पोर वयाचा पेशवा, तिजोरीत खडखडाट, डोक्यावर वडिलांच्या वेळचं कर्ज. अशा वेळी तलवारबहाद्दरांपेक्षा हिशेबनिसाची किंमत कळते. घरात कमावता माणूस गेला की सासूबाईंनी डब्यात दडवलेल्या चिठ्ठ्या, दुकानदाराची उधारी, शेतमजुरांची बाकी हे सगळं एका जागी मांडणारी जी बाई असते, तिच्यावरच घर उभं राहतं. पेशव्यांच्या घरात ती जागा नानांची होती. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले, तेव्हा शेवटच्या आजारातही त्यांना कर्ज फेडण्याचाच घोर होता.

आता हे दप्तर चालायचं कसं ते सांगते, कारण खरी गंमत तिथंच आहे. पुण्याला हुजूर दप्तर होतं. दोनशेच्या आसपास कारकून तिथं मांडी घालून, पुढ्यात कलमदान ठेवून लिहीत बसायचे. त्याचा मुख्य भाग म्हणजे फड, आणि फडाचा मुख्य तो फडणीस. रोज जे काही घडेल, म्हणजे कुणाला काही दिलं, कुणाकडून आलं, कसली सनद निघाली, ते सगळं त्या दिवसाच्या तारखेखाली लिहायचं. ही रोजकीर्द. मग त्यातल्या रकमा खात्याखात्यांत वाटायच्या, ती खतावणी. गटातल्या बायकांना मी हे शब्द सांगितले की त्या चमकतात. आपलं कॅशबुक म्हणजे रोजकीर्द, आणि लेजर म्हणजे खतावणी! शब्द जुनेच आहेत, फक्त इंग्रजी पातळ नेसून आले म्हणून आपण बिचकतो.

यापेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे बेहडा. वर्षाच्या सुरुवातीला पुण्याहून प्रत्येक परगण्याच्या मामलेदाराकडे एक अंदाज जायचा. तुझ्या परगण्यातून एवढी जमा अपेक्षित आहे, त्यातून शिबंदीला एवढं, देवस्थानाला एवढं, धरणविहिरीच्या दुरुस्तीला एवढं खर्च कर, बाकीचं पुण्याला पाठव. म्हणजे अंदाजपत्रकच की! वर्षअखेरीला मामलेदाराचा प्रत्यक्ष हिशेब आला की बेहड्याशेजारी ठेवून तपासायचा. आणि ‘एकबेरीज’ नावाचं एक खातंच होतं, तिथं सगळ्या राज्याच्या रकमा एकत्र करून वर्षाचा तर्जुमा, म्हणजे एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक काढली जायची. ‘एकबेरीज’ हा शब्द मला फार आवडतो. महिनाअखेरीला दूधवाला, शाळेची फी, गॅस, दवाखाना सगळं मांडून आपण ओट्याशी उभं राहून जी करतो, ती एकबेरीजच असते.

मामलेदारानं खोटा हिशेब दाखवू नये म्हणून आणखी एक तोड होती. परगण्यात मामलेदाराबरोबर दरकदार नेमलेले असायचे. मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे. हे मामलेदाराच्या हाताखाली काम करायचे, पण त्यांना काढून टाकायचा अधिकार मामलेदाराला नव्हता. मुजुमदारानं हिशेब तपासायचा, पोतनिसानं पैसा सांभाळायचा, फडणिसानं लिहायचं. पैसा एकाच्या हातात, वही दुसऱ्याच्या हातात. आपल्या गटातही अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात ना, त्यामागं हीच अक्कल आहे. ‘आमचा एकमेकींवर विश्वास आहे, मग दोन सह्या कशाला?’ असं एखादी म्हणते, तेव्हा मी हा दाखला देते.

पण नानांच्या दप्तरात सगळं तुपातलं होतं असं समजू नका. त्या काळच्या हिशेबात ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ असे शब्द सापडतात. म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांना, हिशेब तपासणाऱ्यांना द्यायची चिरीमिरी. चिरीमिरी घेणं जुनंच आहे, पण तिला हिशेबात जागा देणं, तिचे दर जवळजवळ ठरून जाणं, हे वाचून मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. स्वतः नानांनीही अफाट माया जमवली. पुण्यातला नानावाडा, बेलबाग, वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णाकाठचा चिरेबंदी वाडा आणि घाट आजही दिसतात. एवढं हिशेबाच्या पगारात होतं का, हा प्रश्न मनात येतोच आणि यावाच.

१७७३ च्या ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि हिशेबनीस राजकारणात उतरला. नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. राघोबादादा पेशवाईवर टपलेले. अशा वेळी बारभाईंनी गंगाबाईला पुरंदरावर नेऊन ठेवलं. सोबतीला पानिपतात नवरा हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई होत्या. सगळ्या राज्याचा डाव एका बाळंतपणावर लागला होता! १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हे सवाई माधवराव. गंगाबाई पुढं तीनच वर्षांत, १७७७ साली गेली. बारभाईंच्या कारस्थानाचं कौतुक इतिहासात पानंच्या पानं आहे. त्या विशीच्या आतबाहेरच्या विधवेनं, नवऱ्याच्या खुनानंतर, किल्ल्यावर, पहाऱ्यात ते दिवस कसे काढले असतील, यावर मात्र ओळ दोन ओळी.

पुढचं राजकारण आपण भरभर बघू. इंग्रजांशी पुरंदरचा तह, वडगावची लढाई, शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. चुलतभाऊ मोरोबा फडणीस उलटले, तर त्यांनाही नानांनी कैदेत टाकलं. तलवार न धरता हा माणूस पाव शतक साऱ्या दरबाराला पुरून उरला. त्याचं बळ होतं बातमीत आणि कागदात. देशभर त्यांचे वकील आणि बातमीदार होते, रोजचा टपाल होता. आणि कोणत्या सरदाराकडे किती सरंजाम, किती फौज ठेवायची कबुली, किती बाकी थकलीय, हे नानांना तोंडपाठ असायचं. ज्याची थकबाकी तुमच्या वहीत आहे, तो तुमच्यासमोर आवाज चढवून बोलत नाही, हे गावातल्या कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा.

कडक शिस्तीची दुसरी बाजूही आहे. घाशीराम कोतवाल नानांच्याच मर्जीतला. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, पुणं खवळलं आणि लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचलं. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे आपल्यापैकी अनेकींना नाना तेवढेच माहीत असतात, लंपट आणि कपटी. नाटक हे नाटक म्हणून बघावं. पण जो माणूस पैशापैशाचा हिशेब मागत होता, त्यानं आपल्या कोतवालाला मात्र वर्षानुवर्षं हिशेब विचारला नाही, हे नाटकाशिवायही खरंच आहे.

आपल्या मराठवाड्याचा आणि नानांचा संबंध निजामामुळे. आपला हा मुलूख तेव्हा निजामाचा. चौथ आणि सरदेशमुखीची बाकी निजाम वर्षानुवर्षं देईना, तेव्हा नानांनी दप्तरातून थकबाकीचे कागद बाहेर काढले. भांडण मुळात उधारीचं! ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला लढाई झाली आणि निजाम हरला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख देण्याचं त्यानं कबूल केलं. अर्ध्या शहाण्यानं लेखणीच्या जोरावर मारलेली ही सगळ्यात मोठी बाजी. पण दीडच वर्षात चक्र उलटं फिरलं. १७९६ साली नाना स्वतः अडचणीत आले, पुणं सोडून महाडला जाऊन बसले आणि निजामाची मदत मिळावी म्हणून खर्ड्यात मिळवलेलं बहुतेक सगळं त्यांनीच परत द्यायचं कबूल केलं. एका पानावरची जमा दुसऱ्या पानावर खर्ची पडली. वसुलीत राबली ती आपली खापरपणजोबांची पिढी. तिला यातलं काय कळलं असेल, कोण जाणे.

मधल्या काळात झालं होतं ते फार वाईट. सवाई माधवराव एकवीस वर्षांचे झाले तरी नानांच्या नजरेखालीच होते. आजी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहायच्या, त्यांनी नातवाला सकाळी उठण्यापासूनचा दिनक्रम पत्रात लिहून दिला होता. सगळ्यांनी त्या पोराला घडवायचंच ठरवलेलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये ते शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेला गेले. पडले की उडी घेतली, हा वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर मुलांवर इतकी पाळत ठेवू नये. चाळिसाव्या दिवसापासून ज्या लेकराचा प्रत्येक श्वास कुणीतरी वहीत मांडतंय, त्याला एखादा दिवस तरी बिनहिशेबी मिळायला हवा होता.

त्यानंतर नानांचे दिवस फिरले. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना दग्यानं पकडलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, पुढच्या वर्षी सोडलं, पुन्हा कारभार दिला. पण आता अंगात त्राण नव्हतं. १३ मार्च १८०० ला पुण्यात ते वारले. इंग्रजांचा वकील पामर यानं कळवलं की त्यांच्याबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम गेला. अर्धा शहाणा गेल्यावर सगळंच शहाणपण गेलं म्हणजे बघा! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बेहडे, तपासण्या सगळं ढिलं पडलं, परगणे मक्त्यानं दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावील त्यानं वाटेल तसं वसूल करावं. अठरा वर्षांत राज्य बुडालं.

इथपर्यंतची गोष्ट मी एका गावात गटाच्या बैठकीत सांगितली. बायका ऐकत होत्या, कुणी शेंगा फोडत होती. मागं बसलेली एक साठीची बाई एकदम म्हणाली, ‘आवं ताई, ह्या मानसानं समद्या राज्याचा हिशोब ठिवला. मंग बायकूसाठी काय ठिवलं?’

बैठकीत शांतता पसरली. कारण प्रश्न तिनं नानांच्या बायकोचा विचारला असला, तरी कुणाच्या घरचा होता ते सगळ्यांना कळलं. तिचा नवरा सोसायटीचे हिशेब लिहायचा. गेल्यावर घरात कसलाही कागद सापडला नाही.

नानांची लग्नं झाली नऊ. वारस मिळावा म्हणून एकामागून एक. मुलं जगली नाहीत. त्यांच्यामागं राहिली ती जिऊबाई, वयानं लहान, मुलगीच म्हणायची. नाना गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. हे गणित आज मांडायलाही नको वाटतं, पण त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नाना गेले आणि त्यांच्या मायेवर सगळ्यांचा डोळा पडला. बाजीरावाला पैसा हवा, शिंद्यांना हवा. जिऊबाईचा आसरा होता लोहगड. मळवलीजवळचा हा किल्ला नानांच्या विश्वासातले धोंडोपंत नित्सुरे सांभाळून होते. नानांनीच तिथं सोळा कोनी बाव बांधलेली आहे, १७८९ चा शिलालेख आहे. लोणावळ्याला सहलीला गेलात तर बघा. राज्यभराच्या किल्लेदारांकडून पै-पैचा हिशेब घेणाऱ्या माणसाची विधवा शेवटी एका इमानी किल्लेदाराच्या शब्दावर जगत होती. कागदावर तिच्या हक्काचं असं काही ठरलेलं नव्हतं.

तिची सोय लावली ती परक्यानं. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात आला होता. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. त्यानं मध्यस्थी केली. धोंडोपंतांनी किल्ला सोडून ठाण्याला जावं, जिऊबाईनं इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलला राहावं आणि तिला वर्षाला बारा हजार रुपये मिळावेत, असं ठरलं. नवऱ्यानं आयुष्यभर ज्या इंग्रजांना पुण्याबाहेर थोपवून धरलं, त्यांच्याच सहीवर तिचं पोट आलं. यात इंग्रजांचा मतलब होताच, ते काही मावशीच्या मायेनं आले नव्हते. पण तिच्यापुरतं बघायचं तर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं एक रक्कम कागदावर आली होती.

पेशवाई गेल्यावर ती मेणवलीला परतली. कृष्णेच्या घाटावर, त्या वाड्यात तिनं उरलेलं आयुष्य काढलं, मुलगा दत्तक घेतला. वाड्यात नानांचे कागद होते, गाठोडीच्या गाठोडी. मेणवली दप्तर म्हणून अभ्यासक त्यालाच ओळखतात. तिकडं पुण्याचं पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात गेलं. पुढं १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले, आणि आज आपण बेहडा, तर्जुमा म्हणून जे बोलतो ते अशा कागदांमुळे. जिऊबाई १८५४ साली वारली. म्हणजे नवऱ्यामागं चोपन्न वर्षं. पेशवाई बुडाली, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, तोवर ती होती.

हे सगळं मी त्या बाईला पुढच्या बैठकीत सांगितलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्याजवळ एवढा तपशील नव्हता, घरी येऊन वाचून काढला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बारा हजार महिन्याचे का सालाचे?’

‘सालाचे,’ मी म्हटलं.

तिनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला. ‘म्हंजी महिन्याला हजार,’ ती शेजारणीला म्हणाली. ‘लिव्हून घेतलं व्हतं तिनं, बरं का.’